टॅग लागला, पण जमीन कोणाची?

वाचकाचा प्रश्न

डेन्व्हरला राहणारे एक वाचक लिहितात. वय अडतीस, एच-वन-बी व्हिसा, घरचे शेतकरी, गाव नगरकडच्या कर्जत तालुक्यात, काळविटांच्या रेहेकुरी अभयारण्यापासून फार लांब नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या नादाने दोन वर्षं रेंजवर नेमबाजी शिकले, हंटर एज्युकेशनचा कोर्स केला आणि यंदा वायोमिंगच्या पूर्व भागात प्राँगहॉर्न अँटिलोपच्या, म्हणजे हरणासारख्या दिसणाऱ्या तिकडच्या रानटी जनावराच्या, शिकारीसाठी अर्ज भरला. टॅग, म्हणजे एक जनावर मारायची सोडतीत मिळणारी परवानगी, हमखास लागतो म्हणून शिकारीचा जो विभाग निवडला, तिथे नराचा एक आणि मादीचा एक असे दोन्ही टॅग जूनमध्ये लागले. मग नकाशा उघडून पाहतात तर विभागातली जवळजवळ सगळी जमीन खासगी. अकरा रँचना, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मोठ्या शेतांना, फोन केले. सात जणांनी उचलला नाही, तिघांनी नाही म्हटलं, एकाने नरासाठी इतके पैसे सांगितले की यांनी ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवला. सहकाऱ्याचं म्हणणं, आउटफिटर (पैसे घेऊन शिकारीला नेणारा वाटाड्या) घे, नाहीतर दोन सरकारी तुकड्यांच्या कोपऱ्यावरून पलीकडे जा, कोर्टाने ते मान्य केलंय. पत्नीचं म्हणणं, टॅग सोडून दे. त्यांचे प्रश्न असे: पैसे देऊन शिकार करणं म्हणजे शिकारीची थट्टा नाही का? माझ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाने तिथल्या रँचरच्या दारात जावं का? सहकाऱ्याची रायफल वापरली तर चालेल का? आणि ताजा कलम: वडिलांना हे कसं सांगू?

उत्तर

आधी व्हिसाचं उरकू. तिथे चूक झाली तर रँच, नकाशा, टॅग सगळं राहील बाजूला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ती नाही. त्याच कायद्यात एक अपवाद ठेवलाय: अमेरिकेत रीतसर मिळालेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना ज्याच्याकडे आहे, त्याला ही मनाई लागू होत नाही. म्हणजे तुमचा वायोमिंगचा परवाना तुम्हाला शिकारीची मुभा देतो आणि रायफल हातात धरायचीही देतो. तो कागद सतत जवळ ठेवा. आता तुम्ही लिहिता की दोन वर्षं रेंजवर जात होतात. तेव्हा खिशात कुठला परवाना होता? याचं उत्तर मला कळवू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला सांगा, आणि हंगामाआधी सांगा. मित्राची रायफल कोलोरॅडोतून वायोमिंगमध्ये कशी न्यायची, प्रवासात ती कोणाच्या ताब्यात असावी, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या. तासाभराची फी जाईल, जाऊ द्या.

आता जमिनीकडे येऊ. टॅग हमखास लागतो म्हणून विभाग निवडला, असं तुम्ही जरा अभिमानाने लिहिलंय. मीही माझ्या पहिल्या वर्षी शायानहून असाच अर्ज भरला होता आणि ‘काय नशीब!’ म्हणून नाचले होते. पण टॅग किती द्यायचे हे राज्याचं वन्यजीव खातं, म्हणजे गेम अँड फिश, विभागातल्या सगळ्या कळपांकडे बघून ठरवतं. तो कळप उभा कुठे असतो? रँचरच्या लसूणघासाच्या शेतात. टॅग उरतात ते जनावरं जास्त आहेत म्हणून, आणि माणसं अर्ज करत नाहीत ती आत शिरायला वाट नाही म्हणून. वायोमिंगचं गेम अँड फिश खातं हे लपवत नाही. ज्या विभागांत सार्वजनिक जमिनीवर पोचणं अवघड आहे, त्यांच्यापुढे माहितीपत्रकात तशी खूण असते. ती आपण वाचत नाही, कारण आपली नजर टॅग लागण्याच्या टक्केवारीवर असते.

तुम्ही उघडलात तो नकाशा बहुधा ऑनएक्सचा असणार. आपल्या भाषेत सांगायचं तर मोबाइलवरचा सातबारा आणि गटनकाशा एकत्र. छापील नकाशांवर केंद्राच्या बीएलएम खात्याची जमीन पिवळी, राज्याची निळी, खासगी पांढरी. पश्चिम वायोमिंगच्या नकाशावर पिवळा रंग सांडल्यासारखा दिसतो. पूर्वेला लस्क, डग्लस या बाजूला आलात की पांढऱ्या कागदावर हळद-कुंकवाची बोटं उमटवावीत तसे तुकडे. (कुंकू नाही, निळं आहे, पण तुम्हाला चित्र कळलं असेल.) त्यातल्या कितीतरी तुकड्यांना रस्ताच नाही. चारी बाजूंनी पांढरं, मधे पिवळं. जमीन तुमची-आमची, पण तिथे जायचं तर हेलिकॉप्टरने.

आणि इथे तुमच्या पत्रातली एक गफलत दुरुस्त करते. ‘खासगी जमिनीवरचा अँटिलोप रँचरचाच’ असं तुम्ही धरून चाललाय. तसं नाही. वायोमिंगमध्ये रानातलं जनावर राज्याच्या मालकीचं, मग ते कोणाच्याही कुंपणात चरत असो. रँचरला तो स्वतःच्या शेतातला अँटिलोपसुद्धा टॅगशिवाय मारता येत नाही. त्याच्या हातात आहे ते फक्त फाटक. त्यामुळे तो जे पैसे मागतो ते जनावराचे नसतात, फाटक उघडण्याचे असतात. दुसऱ्या बाजूने बघा. हिवाळाभर ते दोनशे प्राँगहॉर्न त्याच्या गवतावर आणि त्याच्या टाकीतल्या पाण्यावर जगतात. शिकारी त्याला परवान्यावरचं एक कूपन फाडून देतो, ते खात्याकडे पाठवलं की त्याला थोडी रक्कम मिळते. त्यात एका तुटलेल्या तारेची दुरुस्तीही धड होत नाही. असं असताना तो पैसे मागतो याला शिकारीची थट्टा म्हणायला माझं मन घेत नाही. तुमच्या गावाकडे ज्वारीत काळवीट शिरतात तेव्हा नुकसान कोण सोसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

असं असलं तरी तुम्हाला सांगितलेला तो आकडा तुम्ही द्यावा असं मला वाटत नाही. पहिल्याच वर्षी, एवढ्या पैशात, एका नरासाठी? शिंगं भिंतीवर लावायची हौस असेल तर गोष्ट वेगळी, पण पत्रात त्या हौसेचा मागमूस नाही. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला ‘सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करून बघायचंय आणि ते मांस घरी खायचंय.’ मग तुमच्या हातातला खरा टॅग मादीचा आहे. परराज्यातल्या माणसाला नराचा टॅग तीनशे डॉलरांवर पडतो, मादीचा त्याच्या दहाव्या हिश्शात, आणि रँचरच्या दारात मात्र भाव नेमका उलटा असतो. नर मागणारे शंभर येतात, त्याचे पुतणे आणि मेव्हणेसुद्धा त्यालाच टपलेले असतात. ‘मला फक्त मादी हवी आहे’ म्हणणारा माणूस त्याच्या लसूणघासाचा मित्र असतो. मी ज्या रँचवर गेली नऊ वर्षं जाते, तिथे मला पहिल्यांदा ‘ये’ म्हटलं ते या एका वाक्यावर.

आता त्या अकरा फोनांबद्दल. सात जणांनी उचलला नाही याचा अर्थ तुम्ही ‘नकार’ असा लावलाय. जुलै महिना गवतकापणीचा. माणूस पहाटेपासून गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या बेलरवर असतो, अनोळखी नंबर कोण उचलणार? वसंतात वासरं जन्मतात, मग डागण्या, मग गवत, ऑक्टोबरात वासरं विकायला पाठवायची घाई. यातून फट शोधायची ती रात्रीच्या जेवणानंतरची. फोनवर उत्तर नाही मिळालं तर हाताने लिहिलेलं छोटं पत्र पाठवा. जमिनीच्या मालकाचं नाव ऑनएक्सवर दिसतं, पत्ता काउंटीच्या मालमत्ता नोंदणीत सापडतो, तो उघडा दस्तऐवज आहे. पण त्याही आधी एक फोन करा, गेम अँड फिशच्या स्थानिक वॉर्डनला. कुठल्या रँचवर माद्या डोईजड झाल्यात, कोण शिकारी घेतो, कोणाच्या दारात पाऊलही टाकू नये, हे त्याला तोंडपाठ असतं. नवखे लोक वॉर्डनला पोलीस समजून लांब राहतात.

फोनवर काय बोलायचं, हे मला नेहमी विचारलं जातं. साधारण असं: ‘नमस्कार, मी अमुक, डेन्व्हरला नोकरी करतो. माझं घर भारतातलं, आम्ही शेतकरी. माझ्याकडे तुमच्या विभागातला मादीचा टॅग आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर, आठवड्याच्या मधले दोन दिवस, आम्ही दोघं आणि एक गाडी. तुमची घरची मंडळी शिकार करून गेल्यावर, तुम्ही सांगाल त्या बाजूला. पायी.’ इथे थांबायचं. यात त्याच्या मनातल्या सगळ्या धास्त्यांना उत्तर आहे: किती माणसं, किती गाड्या, हंगामाच्या सलामीच्या दिवशी पाहुण्यांच्या आड येणार का, गाडी गवतात घालणार का. ‘आम्ही शेतकरी’ हे शब्द गाळू नका. मी तुम्हाला पैजेवर सांगते, पुढचा प्रश्न ‘काय पिकवता?’ असाच येईल. ज्वारी-तूर-कांद्याबद्दल बोला, पावसाबद्दल बोला. दुष्काळाच्या गप्पांना भाषांतर लागत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच अर्धं आलंय. उरलेलं अर्धं सरळ सांगते. मी साडीत नाही, जीन्समध्ये जाते, पण दिसते तुमच्यासारखीच. बावीस वर्षांत मला दोनदा दारातून असं घालवलं गेलं की त्यात जमिनीचा काही संबंध नव्हता. बाकी नकार मिळाले ते साधे, शेजारच्या गोऱ्या शिकाऱ्यालाही मिळाले असते तसे. तेव्हा वाईट अनुभव येणारच नाही, असं मी म्हणणार नाही. पण काही गोष्टी आपल्या हातात असतात. आधी फोन, मग दार. दुपारच्या उजेडात जायचं. अंगावर कॅमोफ्लाज नको, रायफल गाडीत दिसता कामा नये. गाडी फाटकाच्या तोंडाशी लावायची नाही. कुत्रा आला की गाडीतच बसून राहायचं, कोणीतरी बाहेर येतंच. सहकाऱ्याला घेऊन जा, पण बोला तुम्ही. टॅग तुमचा आहे. आणि तुमच्या वडिलांच्या रानात एखादा परका माणूस उभा दिसला तर ते काय करतात ते आठवा. ‘कोण रं? कुठला?’ हेच ना? तो राग नसतो. उत्तर नीट आलं तर पुढे चहा येतो.

परवानगी मिळाली की ती लेखी घ्या. तारखा, तुमच्या दोघांची नावं, गाडीचा नंबर, जमिनीचा कुठला भाग, नर की मादी. वायोमिंगमध्ये ‘प्रवेश बंद’ची पाटी नसली तरी शिकारीसाठी खासगी जमिनीत शिरणं गुन्हाच असतो. पाटी दिसली नाही, ही सबब चालत नाही. जमीन कुठे संपते ते जाणून घेणं तुमचं काम. आणि नीट लक्षात ठेवा, जखमी जनावर कुंपण ओलांडून शेजारच्या रँचवर गेलं तर त्याच्यामागे जायलाही त्या दुसऱ्या मालकाची परवानगी लागते. म्हणून शेजाऱ्याचा फोन नंबर पहिल्याच दिवशी मागून ठेवा, आणि कुंपणाजवळ गोळी झाडूच नका.

आता कोपरा. तुमचा मित्र म्हणतो ते निम्मं खरं आहे. ही भानगड १८६२ची. रेल्वे टाकायची म्हणून सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंना एक चौरस मैल कंपनीला, एक स्वतःकडे, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी जमीन वाटली. दक्षिण वायोमिंगात तो पट आजही तसाच आहे. काळी घरं सरकारी, पांढरी खासगी, आणि दोन काळ्या घरांना जोडणारा फक्त एक बिंदू. पश्चिमेकडच्या राज्यांत अशी कोपऱ्यांत अडकलेली सार्वजनिक जमीन ८३ लाख एकरांच्या घरात आहे. २०२१ मध्ये मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनपाशी घोडीसारखी शिडी लावून खासगी जमिनीला पाय न लावता असा कोपरा ओलांडला. फौजदारी खटल्यात ज्यूरीने त्यांना २०२२ मध्ये सोडलं. तिथल्या खासगी जमिनीच्या मालकाने नुकसानभरपाईचा दावा लावला, तो २०२३ मध्ये हरला, मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील कोर्टातही हरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. आधार कुठला, तर सार्वजनिक जमीन कुंपणांनी कोंडू नये म्हणून केलेला १८८५चा कायदा. आपल्या बांधावरच्या वहिवाटीच्या भांडणांना एकशेचाळीस वर्षांनी न्याय मिळावा, तशातली गत.

पण तो निकाल केंद्राच्या जमिनीबद्दलचा आहे. राज्याच्या निळ्या तुकड्यांच्या कोपऱ्यांना तो जसाच्या तसा लावू नका, आणि पूर्वेकडे तुमच्या विभागात असे पिवळे कोपरे आहेत का, हे आधी बघा. बहुधा फारसे नसतील, रेल्वेचा पट दक्षिणेत आहे. शिवाय फोनवरची रेष दोन-चार मीटर इकडे तिकडे होते, आणि कोपरा हा बिंदू असतो. मोजणीचा खुंटा जमिनीत दिसला नाही तर कुठून उडी मारणार? मला विचाराल तर व्हिसावरच्या माणसाने पहिल्याच हंगामात कोर्टाचा निकाल खिशात घेऊन शेजाऱ्यांशी वैर घेऊ नये. मित्राला खुशाल घेऊ द्या, त्याला इमिग्रेशनच्या फॉर्मवर अटक झाली होती का, हा रकाना भरायचा नसतो.

रँचरकडे परवानगी मागण्याखेरीज दुसरा मार्ग म्हणजे खात्याची ‘अ‍ॅक्सेस यस’ योजना. खातं रँचरना पैसे देतं आणि त्यांची जमीन शिकाऱ्यांना उघडी होते. त्यात वॉक-इन जागा असतात, तिथे नकाशात दाखवलेल्या हद्दीत पायी जायचं. आणि हंटर मॅनेजमेंट एरिया असतात, तिथे वेगळी परवानगीची चिठ्ठी काढावी लागते. काही जागांच्या चिठ्ठ्या मर्यादित असतात, त्यामुळे हे पान वाचून झाल्यावर लगेच तुमच्या विभागातल्या जागा तपासा. राज्याच्या निळ्या जमिनीवर, रस्ता असेल तर, शिकार करता येते. पण तंबू ठोकता येत नाही, शेकोटी करता येत नाही आणि लागवडीखालची जमीन असेल तर शिरायचं नाही. या जागांवर सलामीच्या सकाळी जत्रा असते. तासाभरात सगळे प्राँगहॉर्न खासगी जमिनीत. दोन आठवड्यांनी, बुधवारी वगैरे जा. कळप सैलावलेले असतात.

आउटफिटरविषयी माझं मत जरा कडू आहे, ते तसंच घ्या. चांगले आहेत, अनुभवी आहेत, आणि ज्याच्याकडे दोनच दिवस आहेत त्याला उपयोगी आहेत. पण सकाळी सातला गाडीत बसवलं, आठला गोळी, साडेआठला फोटो, नऊला पॅनकेक, असं होऊन तुम्ही घरी परतलात तर तुम्हाला जे करून बघायचं होतं त्यातलं काय झालं? घ्यायचाच असेल तर राज्याच्या आउटफिटर मंडळाचा परवाना आहे का बघा. ऑनलाइन भेटलेल्या कोणालाही, ‘जागा धरून ठेवतो’ म्हणणाऱ्याला, काउंटीच्या नोंदीत जमीन त्याचीच आहे हे पाहिल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका.

फाटकाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण रँचवर तुमची पत तिथे ठरते. तिकडचं फाटक म्हणजे आपल्याकडचं लोखंडी कवाड नव्हे. तीन-चार काटेरी तारा, मधे उभ्या काठ्या, शेवटच्या काठीचं खालचं टोक खांबाच्या तळाशी असलेल्या तारेच्या फासात बसवायचं आणि वरचं टोक दुसऱ्या फासात. बंद करताना खांब कवेत घ्यायचा, खांद्याने काठी रेटायची, आणि उरलेल्या हाताने वरचा फास तिच्या डोक्यावर चढवायचा. पहिल्यांदा जमत नाही. मला जमायला वीस मिनिटं लागली होती, तळहात सोलवटला होता, आणि फास चढला तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारूच नका. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन. ते फाटक मुद्दाम उघडं ठेवलं होतं. पलीकडे पाण्याची टाकी होती, आणि मी बंद केल्यामुळे सत्तर गाई रात्रभर तहानलेल्या अलीकडे उभ्या. तो ओरडला नाही. नुसतं म्हणाला, ‘फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं.’ पुढच्या वर्षी मला तिथे परवानगी मिळाली नाही, आणि मी विचारलंही नाही का ते.

प्रत्यक्ष शिकारीचं थोडक्यात. हंटर एज्युकेशनमध्ये बाकीचं शिकला असाल. अंगावर केशरी किंवा गुलाबी झगझगीत कपडा हवाच. सार्वजनिक रस्त्यावरून, रस्त्याच्या कडेवरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडायची नाही, मग जनावर कितीही जवळ असो. प्राँगहॉर्नचे डोळे मोठे, बाजूला बसवलेले, मैलभरावरून तुमचं टोपीचं टोक दिसतं त्याला. तो धावायला लागला तर ताशी ऐंशीच्या पुढे जातो, पण कुंपणावरून सहसा उडी मारत नाही. तारेखालून सरपटत निघतो. म्हणून कुंपणाच्या कडेने चालत जा आणि सर्वांत खालच्या तारेकडे बघा. जिथे काट्यांना ठिसूळ, पोकळ, पांढऱ्या-तांबूस केसांचे पुंजके अडकलेत आणि खालची माती गुळगुळीत झालीये, तिथून कळप रोज जातो. वारा तोंडावर घेऊन तिथून शंभर-दीडशे यार्डांवर एखाद्या घळीत पडून राहा. पूर्व वायोमिंगचा वारा रेंजवरच्या वाऱ्यासारखा नसतो, दोनशे यार्डांपुढे मोह आवरा. मादीच्या टॅगवर गोळी झाडण्याआधी दुर्बिणीतून गाल बघा. नराच्या जबड्याखाली काळा डाग असतो. माद्यांनाही कधीकधी छोटी शिंगं असतात, शिंगांवर विसंबू नका.

आणि बर्फ. लोक म्हणतात प्राँगहॉर्नचं मांस उग्र लागतं. ते उग्र होतं ते ऑक्टोबरच्या पंचवीस डिग्री उन्हात गाडीच्या टपावर बांधून गावभर मिरवल्याने. जनावर पडल्यापासून तासाभरात आतडी बाहेर, कातडं बाहेर, मांस बर्फाच्या पेट्यांत. दोन मोठे कूलर, चाळीस किलो बर्फ, आधीच लस्क किंवा डग्लसमध्ये घेऊन ठेवा. मादीचं लिंग ओळखता येईल असा अवयव मांसाला जोडलेला राहू द्या, वॉर्डन तपासतो. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. निघताना मालकाला कूपन द्या, मांस हवंय का ते विचारा. मी दिवाळीत माझ्या त्या नऊ वर्षांच्या रँचवर चकल्यांचा डबा पाठवते. गेल्या वर्षी मालकाच्या बायकोने फोन करून विचारलं, ती ‘काटेरी तार’ पुन्हा कधी पाठवणार.

टॅग सोडून देऊ नका. पैसे सहसा परत मिळत नाहीत आणि नराच्या टॅगसाठी सोडतीतली शक्यता वाढवणारे पॉइंट साठवले असले तर ते टॅग लागला तेव्हाच संपले. नराचा टॅग वॉक-इन जागांवर नशीब आजमावायला ठेवा, मादीचा रँचवर. दोन्ही रिकामे राहिले तरी चालेल. पण पुढच्या वर्षी क्रम उलटा करा. हिवाळ्यात, वासरांची गडबड सुरू होण्याआधी, दोन-तीन रँच ठरवा. ‘ये’ म्हणालेल्या रँचचा विभाग कुठला ते बघा. मग त्या विभागाचा अर्ज, परराज्यातल्यांची मुदत जूनच्या सुरुवातीला संपते.

राहता राहिले वडील. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने काळविटाला हात लावता येत नाही, आणि रेहेकुरी १९८० मध्ये काळविटांसाठीच राखलं गेलं. ज्या गावात पिकाचं नुकसान सोसूनही लोक तो कायदा पाळतात, तिथल्या माणसाला ‘मी अँटिलोप मारायला चाललोय’ हे ऐकून धक्का बसणारच. त्यांना इतिहास सांगा. १९२०च्या दशकात सबंध खंडात तीसेक हजार प्राँगहॉर्न उरले होते. शिकार आवळली, १९३७च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचे पैसे वन्यजीवांसाठी वळवले गेले. आज एकट्या वायोमिंगात ते लाखांनी मोजतात. २०२२-२३च्या कडक हिवाळ्यात पश्चिम भागात ते हजारोंनी मेले तेव्हा खात्याने पुढचे टॅग लगेच कापले. हे पटेलच असं नाही. पटलं नाही तर वाद घालू नका, त्यांचंही काही चूक नाही. फक्त फोनवर बोलताना ‘हरीण’ किंवा ‘काळवीट’ म्हणू नका. प्राँगहॉर्न नावाला अँटिलोप, जातकुळीने नाही. त्याच्या शिंगांवरचं टरफल दरवर्षी गळून पडतं, आणि त्याचा जिवंत असलेला जवळचा नातलग म्हणजे जिराफ. वडिलांना जिराफाचं सांगा, ते हसतील.

आणि ते सात न उचललेले फोन. गुरुवारी रात्री, त्यांचं जेवण उरकल्यावर, पुन्हा लावा.